घरगुती मार्शमॅलो

घरगुती मार्शमॅलो म्हणजे साखरेचा घट्ट पाक आणि जिलेटिन एकत्र फेटून, त्यात हवा कोंडून घरच्या स्वयंपाकघरात तयार केली जाणारी मऊ, स्पंजासारखी मिठाई होय. ही मिठाई बोटांनी दाबली असता दबते, सोडताच पूर्ववत होते आणि तोंडात घातल्यावर हळूहळू विरघळते. युरोप व उत्तर अमेरिका येथे ती विशेष लोकप्रिय असून नुसती खाण्याखेरीज निखाऱ्यावर भाजून, गरम चॉकलेटवर तरंगत ठेवून किंवा फुललेल्या तांदळाच्या वड्या बांधण्यासाठीही वापरली जाते.

मार्शमॅलोचा निम्म्याहून अधिक आकार हवेने व्यापलेला असतो. साखर गोडी व घट्टपणा देते, जिलेटिन हवेच्या बुडबुड्यांभोवती लवचीक भिंती उभारते. घरी मार्शमॅलो करताना पाकाचे तापमान, फेटण्याचा वेळ, वड्यांना लावायचे पीठ यांविषयी जे नियम पाळावे लागतात, ते सर्व हा फेस निर्माण करणे आणि टिकवणे या दोनच गरजांतून आलेले आहेत.

नाव

मार्शमॅलो हे मुळात मिठाईचे नव्हे, तर एका वनस्पतीचे नाव आहे. इंग्रजीत ‘मार्श’ म्हणजे दलदल, आणि ‘मॅलो’ हे एका वनस्पतिकुळातील झाडांना दिले जाणारे सामान्य नाव. युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील दलदलीच्या, विशेषतः खारट पाणथळ जमिनीत वाढणाऱ्या या झुडपाचे शास्त्रीय नाव ‘अल्थिया ऑफिसिनॅलिस’ असे आहे. ‘अल्थिया’ हा शब्द ‘बरे करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. युनानी वैद्यकात ही वनस्पती ‘खतमी’ या नावाने ओळखली जाते.

ही वनस्पती मालव्हेसी कुळातील आहे. भेंडी, जास्वंद, अंबाडी व कापूस ही महाराष्ट्रात परिचित असलेली झाडे याच कुळातील होत. भेंडी चिरल्यावर जो बुळबुळीत, ताणला जाणारा चीक दिसतो, त्याच प्रकारचा पदार्थ मार्शमॅलो वनस्पतीच्या मुळांत भरपूर असतो. त्यामुळेच ही वनस्पती प्रथम औषधात आणि नंतर मिठाईत वापरली गेली.

इतिहास

प्राचीन ग्रीक व रोमन वैद्यकात मार्शमॅलोच्या मुळांचा उपयोग होत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याच्या औषधिग्रंथात या वनस्पतीचे वर्णन आढळते. मुळांतील चिकट द्रव्य घशाच्या आतील त्वचेवर पातळ थर धरते. म्हणून खोकला व घसा बसणे यांवर त्याचे चाटण दिले जाई.

या औषधाचे मिठाईत रूपांतर होण्याची निर्णायक पायरी एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडली. तेथील हलवाई मुळांचा अर्क, साखर व अंड्याचा पांढरा बलक एकत्र फेटून ‘पात द गिमोव्ह’ नावाची मऊ वडी तयार करीत. ‘गिमोव्ह’ हे या वनस्पतीचेच फ्रेंच नाव होय. मुळांतून अर्क काढणे व तो हाताने फेटणे हे काम वेळखाऊ व कष्टाचे होते. पुढे अर्काची जागा जिलेटिनने घेतली. जिलेटिन स्वस्त होते, सहज मिळे आणि फेस अधिक खात्रीने धरून ठेवी. अशा रीतीने मूळ वनस्पती मिठाईतून नाहीशी झाली. तिचे नाव मात्र मिठाईला कायमचे चिकटून राहिले. आजच्या बहुतेक मार्शमॅलोंत मार्शमॅलो वनस्पतीचा अंशही नसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टार्चच्या थरात ठसे उमटवून त्यांत मिश्रण ओतण्याची पद्धत रूढ झाली आणि उत्पादनाचा वेग वाढला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ही मिठाई घरोघरी पोहोचली. १९१७ मध्ये ‘एंजेलस’ या मार्शमॅलोच्या उत्पादकांसाठी पाककलातज्ज्ञ जॅनेट मॅकेन्झी हिल यांनी पाककृतींची पुस्तिका तयार केली. कुस्करलेल्या रताळ्यांवर मार्शमॅलोचा थर देऊन भाजण्याची जी पद्धत अमेरिकेतील थँक्सगिव्हिंगच्या जेवणात आजही दिसते, तिचा प्रसार या पुस्तिकेमुळे झाला असे मानले जाते. १९५० च्या दशकात ॲलेक्स डूमॅक यांनी मिश्रण नळ्यांतून दाबून बाहेर काढण्याच्या व नंतर त्याचे तुकडे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. बाजारातील मार्शमॅलोला लाभलेला परिचित दंडगोलाकार हा या यंत्रपद्धतीचा परिणाम आहे.

घरी केलेल्या मार्शमॅलोला असा ठरावीक आकार नसतो. मिश्रण थाळ्यात ओतून त्याच्या चौकोनी वड्या पाडतात. या वड्या कारखान्यातील मार्शमॅलोपेक्षा सामान्यतः अधिक ओलसर व नाजूक असतात, आणि त्यांत कोणते जिलेटिन, कोणता रंग व कोणता स्वाद आहे, हे करणाऱ्याला नेमके माहीत असते.

रचना व विज्ञान

पाक

साखर व पाणी उकळत ठेवले की पाणी वाफ होऊन जाते आणि द्रावणातील साखरेचे प्रमाण वाढत जाते. साखर जितकी अधिक, तितका द्रावणाचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणून उकळत्या पाकाचे तापमान हे त्यात किती पाणी उरले आहे याचे माप ठरते. मार्शमॅलोसाठी पाक सुमारे ११५ ते ११६ अंश सेल्सियसपर्यंत नेतात. या अवस्थेत त्यात साधारणपणे १५ टक्के पाणी उरते.

मराठी स्वयंपाकघरात ही अवस्था ‘गोळीबंद पाक’ म्हणून ओळखता येते. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकल्यास त्याची मऊ गोळी वळते आणि ती चिमटीत दाबली की चपटी होते. एकतारी पाक यासाठी पातळ पडतो. चिक्कीचा पाक, जो पाण्यात टाकल्यावर कडक होऊन मोडतो, तो फार पुढे गेलेला असतो.

स्फटिक रोखणे

नुसत्या साखरेचा दाट पाक ढवळला की त्यात साखरेचे स्फटिक पुन्हा तयार होऊ लागतात व मिठाई रवाळ होते. ते टाळण्यासाठी पाकात लिक्विड ग्लुकोज किंवा मक्याच्या स्टार्चपासून केलेला कॉर्न सिरप मिसळतात. यांतील वेगळ्या आकाराचे शर्करारेणू साखरेच्या रेणूंना एकमेकांजवळ शिस्तीने रचू देत नाहीत. लिंबाच्या रसाचे काही थेंबही हेच काम काही अंशी करतात. आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन घटकांत अंशतः विघटन होते. आम्ल फार झाल्यास मात्र जिलेटिनची पकड सैल होते.

जिलेटिन

जनावरांची कातडी व हाडे यांतील कोलॅजन हे प्रथिन पाण्यात दीर्घकाळ तापवून जिलेटिन मिळवतात. गरम पाण्यात त्याचे लांब धागे सुटे होतात. थंड होताना ते ठिकठिकाणी एकमेकांना पीळ घालून जाळे विणतात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून पडते. हे जाळे मानवी शरीराच्या तापमानाच्या आसपासच पुन्हा वितळते. मार्शमॅलो जिभेवर विरघळतो तो याच गुणधर्मामुळे.

जिलेटिनचा दुसरा गुण म्हणजे ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जमा होते व त्याला फुटू देत नाही. फेस उठवणे आणि तो आळवून स्थिर करणे ही दोन्ही कामे एकच पदार्थ करीत असल्याने त्याला तंतोतंत पर्याय मिळणे कठीण जाते.

हवा

गरम मिश्रण वेगाने फेटले की मोठे बुडबुडे आत शिरतात आणि पात्यांच्या माराने त्यांचे असंख्य बारीक बुडबुडे होतात. पारदर्शक पाक पांढरा दिसू लागतो, कारण या बुडबुड्यांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. त्याच वेळी मिश्रण थंड होत असल्याने ते दाट होते व बुडबुडे वर तरंगून निसटू शकत नाहीत. पुरेसे फेटल्यावर मिश्रणाचा आकार मुळाच्या दुपटी-तिपटीने वाढतो.

साहित्य

सुमारे २३ सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी थाळ्यासाठी, म्हणजे साधारण ३६ वड्यांसाठी, पुढील प्रमाण पुरते.

– साखर: ३०० ग्रॅम
– लिक्विड ग्लुकोज: २०० ग्रॅम
– जिलेटिनची पूड: २० ग्रॅम
– पाणी: जिलेटिन भिजवण्यासाठी १२० मिलिलिटर (गार) व पाकासाठी १२० मिलिलिटर
– मीठ: चिमूटभर
– व्हॅनिला अर्क: २ लहान चमचे
– वरून लावण्यासाठी पिठीसाखर व कॉर्नफ्लोर: प्रत्येकी ३० ग्रॅम, एकत्र चाळून
– थाळ्याला लावण्यासाठी थोडे बिनवासाचे तेल

उपकरणांत जाड बुडाचे खोलगट पातेले, विजेवर चालणारे बीटर व शक्य असल्यास पाकासाठीचा तापमापक लागतो. पाक उकळताना वर चढतो, म्हणून पातेले साहित्याच्या किमान तिप्पट मोठे असावे.

कृती

१. थाळ्याला आतून तेलाचा हात लावून पिठीसाखर-कॉर्नफ्लोरचे थोडे मिश्रण सर्वत्र भुरभुरावे.

२. मोठ्या, उष्णता सहन करणाऱ्या भांड्यात १२० मिलिलिटर गार पाणी घेऊन त्यावर जिलेटिन एकसारखे पसरावे व सुमारे १० मिनिटे तसेच राहू द्यावे. पूड पाणी शोषून फुगते. थेट गरम पाण्यात टाकल्यास तिच्या गुठळ्या होतात व त्या नंतर मोडत नाहीत.

३. पातेल्यात साखर, लिक्विड ग्लुकोज, मीठ व उरलेले पाणी एकत्र करून मध्यम आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. उकळी आल्यानंतर ढवळणे थांबवावे. कडेला चिकटलेले साखरेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवावेत, अन्यथा तेच पुढे स्फटिकांचे बीज ठरतात.

४. पाक ११५ ते ११६ अंश सेल्सियसला पोहोचताच किंवा गोळीबंद होताच पातेले खाली उतरवावे. उकळीचे बुडबुडे शांत होईपर्यंत मिनिटभर थांबावे.

५. बीटर मंद गतीने चालू ठेवून पाक भांड्याच्या कडेने बारीक धारेने जिलेटिनवर ओतावा. पाकाच्या उष्णतेने जिलेटिन आपोआप विरघळते. ते वेगळे उकळू नये, कारण जास्त वेळ उकळल्यास त्याची आळण्याची शक्ती कमी होते.

६. गती हळूहळू वाढवत १० ते १२ मिनिटे फेटावे. मिश्रण शुभ्र, चकचकीत व दाट झाले, पाते उचलल्यावर जाड पट्टीसारखे पडू लागले आणि भांडे हाताला कोमट लागले, की फेटणे पुरे झाले असे समजावे. व्हॅनिला शेवटच्या मिनिटात घालावा.

७. मिश्रण तेल लावलेल्या उलथन्याने चटकन थाळ्यात पसरून वरून पिठीचे मिश्रण भुरभुरावे आणि खोलीच्या तापमानास किमान ६ तास, शक्यतो रात्रभर, ठेवावे.

८. आळलेला थर पिठी भुरभुरलेल्या पाटावर उलटा करून तेल लावलेल्या सुरीने वड्या पाडाव्यात. प्रत्येक वडीच्या कापलेल्या कडा पिठीत घोळवून जादा पिठी चाळणीत हलवून झाडून टाकावी.

बिस्किटांच्या साच्यांनी चांदण्या, फुले किंवा प्राण्यांचे आकारही कापता येतात. मिश्रण फेटून होताना खाण्याच्या रंगाचे थेंब घातल्यास रंगीत वड्या होतात. रंग पूर्ण न मिसळता सुरीच्या टोकाने फिरवला तर संगमरवरी नक्षी उमटते. तयार वड्यांचे एक टोक वितळवलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून त्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट किंवा खोबऱ्याचा कीस लावण्याची पद्धतही आहे.

बिघाड व त्यांची कारणे

मार्शमॅलो आळत नाही किंवा थाळ्यात सैलसर राहतो, तेव्हा बहुधा पाक कमी उकळलेला असतो. त्यात पाणी अधिक राहिल्याने जिलेटिनचे जाळे अपुरे पडते. उलट पाक १२० अंशांच्या वर गेला असेल, तर वडी रबरासारखी चिवट होते. फेटणे लवकर थांबवल्यास तळाशी पारदर्शक, जेलीसारखा थर जमतो. फार वेळ फेटल्यास मिश्रण भांड्यातच आळू लागते आणि थाळ्यात सपाट पसरत नाही.

ताज्या फळांचा रस घालताना विशेष सावधगिरी लागते. ताजे अननस, पपई व किवी यांत प्रथिनांचे विघटन करणारी विकरे असतात. ती जिलेटिनचे धागे तोडतात आणि मिश्रण कितीही वेळ ठेवले तरी आळत नाही. फळांचा रस आधी उकळून घेतल्यास ही विकरे निष्क्रिय होतात.

जिलेटिन आणि शाकाहार

मार्शमॅलोच्या बाबतीत भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जिलेटिनच्या उगमाचा आहे. जिलेटिन प्रामुख्याने डुकराच्या कातडीपासून व गुरांच्या कातडी-हाडांपासून, तर काही प्रमाणात माशांपासून तयार होते. अंतिम पदार्थाला मांसाची चव, वास किंवा रंग यांपैकी काहीही नसल्याने केवळ पाहून किंवा चाखून तो ओळखता येत नाही. त्यामुळे शाकाहारी व जैन कुटुंबांत तसेच मुस्लिम व ज्यू धर्मीयांत या मिठाईविषयी दक्षता बाळगली जाते. हलाल व कोशर नियमांनुसार तयार केलेल्या जिलेटिनचे मार्शमॅलो काही देशांत वेगळे विकले जातात.

भारतातील अन्नविषयक नियमांनुसार प्राणिजन्य घटक असलेल्या वेष्टित पदार्थावर मांसाहारी चिन्ह छापणे बंधनकारक आहे. दूध, दुग्धजन्य पदार्थ व मध यांना त्यातून वगळले आहे. हे चिन्ह चौकटीतील तपकिरी त्रिकोणाचे असून पूर्वी त्याऐवजी तपकिरी वर्तुळ वापरले जाई. जिलेटिनयुक्त मार्शमॅलोवर हे चिन्ह असते, तर वनस्पतिजन्य घटकांच्या मार्शमॅलोवर हिरवे. घरी करण्यासाठी आणलेल्या जिलेटिनच्या पाकिटावरही हीच खूण पाहावी लागते.

शाकाहारी पर्यायांत अगार-अगार सर्वाधिक वापरले जाते. लाल समुद्रशैवालापासून मिळणारा हा पदार्थ महाराष्ट्रात ‘चायना ग्रास’ या नावाने परिचित असून पुडिंगसाठी वापरला जातो. मात्र त्याचे वर्तन जिलेटिनपेक्षा वेगळे आहे. ते विरघळण्यासाठी उकळावेच लागते, ते खोलीच्या तापमानालाच आळते आणि एकदा आळल्यावर सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. परिणामी अगारची वडी तोंडात विरघळण्याऐवजी तुटते, आणि निखाऱ्यावर भाजण्यासही फारशी उपयोगी पडत नाही. तिचा एक फायदा असा, की अननस वा पपईतील विकरांचा तिच्यावर परिणाम होत नाही.

अगार स्वतः फेस चांगला धरत नसल्याने त्याला दुसऱ्या पदार्थाची जोड द्यावी लागते. रशियात लोकप्रिय असलेल्या ‘झेफिर’ या जवळच्या मिठाईत सफरचंदाचा गर, साखर, अगार किंवा पेक्टिन आणि अंड्याचा पांढरा बलक असतो. अंडेही टाळायचे असल्यास काबुली चणे शिजवलेले दाट पाणी वापरतात. हे पाणी फेटल्यास अंड्याच्या बलकासारखा फेस देते, हे फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गूज वोल्ट यांनी त्याचा प्रसार केला व त्याला ‘अक्वाफाबा’ हे नाव मिळाले. अशा कृतीत चण्याच्या पाण्याचा घट्ट फेस आधी तयार ठेवून त्यात अगारयुक्त गरम पाक धारेने मिसळतात व मिश्रण आळण्यापूर्वी त्वरेने थाळ्यात ओततात. कारखान्यांत कॅरागीनन हे दुसरे शैवालजन्य द्रव्य व सोयाबीनचे प्रथिन यांचाही वापर होतो.

मार्शमॅलोपासून केले जाणारे पदार्थ

स्मोर्स

भाजलेला मार्शमॅलो व चॉकलेटची चकती दोन गोडसर बिस्किटांमध्ये दाबून केलेला हा पदार्थ अमेरिकेतील शेकोटीभोवतीच्या शिबिरांचे वैशिष्ट्य आहे. त्याचे नाव ‘आणखी थोडे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप आहे. त्याची छापील कृती १९२७ मध्ये गर्ल स्काउट संघटनेच्या एका पुस्तिकेत आढळते. मूळ कृतीतील ग्रॅहम क्रॅकरऐवजी भारतात डायजेस्टिव्ह बिस्किटे वापरता येतात.

मार्शमॅलो ज्वाळेत न धरता निखाऱ्यांच्या वर थोड्या अंतरावर काठीने फिरवत भाजला की बाहेरून तो सोनेरी तपकिरी होतो आणि आतील जिलेटिन वितळून मऊ होते. हा रंग व खमंगपणा साखरेच्या जळीतून, तसेच शर्करा व प्रथिने यांच्यातील उष्णताजन्य अभिक्रियेतून येतो.

फुललेल्या तांदळाच्या वड्या

१९३९ मध्ये अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील केलॉग कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे व मॅलिटा जेन्सन यांनी ‘राइस क्रिस्पीज ट्रीट्स’ ही कृती तयार केली. ‘कॅम्प फायर गर्ल्स’ या मुलींच्या संघटनेच्या निधिसंकलनासाठी ती वापरली गेली. सुमारे ४५ ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून त्यात २८० ग्रॅम मार्शमॅलो घालतात. ते विरघळताच आच बंद करून ६ कप फुललेला तांदूळ मिसळतात आणि तेल लावलेल्या थाळ्यात हलक्या हाताने थापून वड्या पाडतात. आच मोठी ठेवल्यास किंवा फार जोराने थापल्यास वड्या कडक होतात.

कुरमुऱ्यांचे लाडू करताना गुळाचा पाक जे काम करतो, तेच येथे वितळलेला मार्शमॅलो करतो. फरक असा, की गुळाचा पाक थंड झाल्यावर कडक व कुरकुरीत होतो, तर मार्शमॅलोतील जिलेटिनमुळे ही वडी मऊ व लवचीक राहते. मूळ तृणधान्याऐवजी कोरडे भाजून कुरकुरीत केलेले साधे कुरमुरेही चालतात.

इतर पदार्थ

गरम चॉकलेटच्या पेल्यावर मार्शमॅलो तरंगतो, कारण त्याची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते. चॉकलेट, सुकामेवा व मार्शमॅलोचे तुकडे एकत्र थिजवून ‘रॉकी रोड’ नावाची वडी करतात. पावाला लावण्याजोगा पातळ मार्शमॅलोही अमेरिकेत मिळतो. त्यात जिलेटिनऐवजी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा फेस असतो.

सुरक्षितता

मार्शमॅलो करणे मुलांसाठी आनंदाचे असले, तरी त्यातील दोन धोके गंभीर आहेत.

पहिला धोका पाकाचा. साखरेचा पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतो आणि अंगावर पडल्यास ओघळून न जाता त्वचेला चिकटून राहतो. त्यामुळे भाजणे खोलवर जाते. पाक उकळणे व ओतणे ही कामे प्रौढ व्यक्तीनेच करावीत आणि त्या वेळी लहान मुले शेगडीपासून दूर असावीत. थाळ्याला पिठी लावणे, साच्याने आकार कापणे, वड्या पिठीत घोळवणे व सजवणे ही कामे मुलांना निर्धास्तपणे देता येतात. पाकाने भाजल्यास तो भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. त्यावर तूप, टूथपेस्ट वा बर्फ लावू नये आणि भाजणे मोठे असल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. भाजून काढलेला मार्शमॅलो बाहेरून निवला तरी आतून बराच वेळ गरम असतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका गुदमरण्याचा. मार्शमॅलो मऊ, दबणारा व ओला झाल्यावर चिकट असल्याने लहान मुलाच्या श्वासमार्गात घट्ट बसू शकतो. बालरोगतज्ज्ञ ४ वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक मानतात अशा खाद्यपदार्थांत त्याचा समावेश होतो. मोठ्या मुलांनीही तो बसून, एका वेळी एकच खावा. तोंडात जास्तीत जास्त मार्शमॅलो कोंबण्याच्या खेळात मृत्यू घडल्याची उदाहरणे आहेत. असा खेळ कोणत्याही वयात खेळू नये.

साठवण

साखर हवेतील ओलावा ओढून घेते. त्यामुळे उघड्यावर राहिलेल्या वड्या कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत काही तासांतच पाझरतात व एकमेकींना चिकटतात. कोरड्या हवेत त्याच वड्या वातड होतात. कॉर्नफ्लोरचा बाह्य थर हा ओलावा काही प्रमाणात शोषून घेतो. त्यासाठी नुसती पिठीसाखर पुरत नाही, कारण ती स्वतःच विरघळू लागते. वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवल्यास खोलीच्या तापमानास साधारण एक ते दोन आठवडे टिकतात. रेफ्रिजरेटरमधून काढल्यावर त्यांच्यावर पाण्याचे बाष्प जमते. म्हणून त्या तेथे ठेवणे सहसा टाळतात.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम मार्शमॅलोतून सुमारे ३२० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. त्यात सुमारे ८१ ग्रॅम कर्बोदके असतात, प्रथिने २ ग्रॅमहून कमी, तर स्निग्धांश नगण्य असतो. स्निग्धांश नसल्याने तो हलका आहार आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ती जवळजवळ संपूर्ण साखरच असते. जिलेटिन हे प्रथिन असले तरी त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसल्याने ते परिपूर्ण प्रथिन ठरत नाही. चिकटपणामुळे साखर दातांच्या फटींत टिकून राहते. खाल्ल्यानंतर चूळ भरणे हितकारक असते.

शिक्षणातील उपयोग

हवेने भरलेला व स्वस्त पदार्थ म्हणून मार्शमॅलो विज्ञानाच्या वर्गातही वापरला जातो. निर्वात घंटीत ठेवून आतील हवा काढून घेतली की बाहेरचा दाब घटल्याने त्यातील बुडबुडे प्रसरण पावतात व तो फुगतो. हवा परत सोडताच तो आक्रसतो. वायूचा दाब व आकारमान यांचे व्यस्त प्रमाण सांगणारा बॉइलचा नियम यातून डोळ्यांना दिसतो.

मायक्रोवेव्ह भट्टीतील फिरती तबकडी काढून मार्शमॅलोचा एकेरी थर थोडा वेळ तापवला, तर तो ठरावीक ठिकाणीच वितळतो. लगतच्या दोन वितळलेल्या जागांतील अंतर सुमारे ६ सेंटिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्या निम्मे असते. त्याची दुप्पट करून भट्टीवर लिहिलेल्या वारंवारतेने, म्हणजे बहुधा २४५० मेगाहर्ट्‌झने, गुणले असता प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर इतका येतो.

मानसशास्त्रात वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले प्रयोग ‘मार्शमॅलो चाचणी’ म्हणून प्रसिद्ध आहेत. समोरचा खाऊ लगेच खाण्याऐवजी थांबल्यास अधिक मिळेल, असे बालकांना सांगून त्यांचा संयम पाहिला गेला. थांबू शकणारी मुले पुढे अधिक यशस्वी होतात असा निष्कर्ष दीर्घकाळ सांगितला जाई. २०१८ मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन व हाओनान क्वान यांनी अधिक मोठ्या व विविध गटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हा संबंध बराच क्षीण आढळला, आणि कौटुंबिक परिस्थिती व मुलाची आरंभीची बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर तो आणखी घटला.